आतोबांची कचेरी

घरातून निघून घरातच कामाला जाणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि ते आमचे आतोबा. सकाळी जेवण उरकून, उपरणं खांद्यावर टाकून, लाल पगडी डोक्यावर नीट दाबून ते पुढच्या दारानं बाहेर पडत. उंबऱ्यात उभ्या असलेल्या पोरांना "येतो रे, शहाण्यासारखे राहा" म्हणत. मग घराला वळसा घालून, केळीच्या आळ्यातून, शेळीच्या दाव्यावरून पाय उचलून टाकत परसात येत आणि मागच्या दारानं पडवीतल्या खोलीत शिरत, की झाले कचेरीत हजर. एखाद्या दिवशी शेळी आडवी आली किंवा केळीच्या चिखलात वहाण रुतली, तर बैठकीवर बसता बसता स्वतःलाच म्हणत, "आज उशीर झाला, हे बरं नाही." कोणाला बरं नाही, देव जाणे. त्या कचेरीत साहेब तेच, कारकून तेच, आणि दारावरचा पट्टेवालाही तेच. सगळं कर्जत हसायचं. मीही पदर तोंडाला लावून पुष्कळ हसले. आता त्याचं हसू येत नाही, आणि का येत नाही ते सांगायलाच बसले आहे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मला त्यांच्याच आळीत दिलेली, आणि तीही दुसरेपणावर. माझं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांची, आमचे हे चाळिशीला टेकलेले, आणि मला 'आई' म्हणायला पुढे उभा केलेला मुलगा नऊ वर्षांचा. त्याची आणि माझी पहिली ओळख सागरगोट्यांवरून झालेल्या मारामारीत झाली, आणि आईनं मुलाला मारलं म्हणून कोणी काही बोललंही नाही. ते असो. आत्या होती तोवर मला त्या घराचा मोठा आधार होता. सासरी डोळ्यांत पाणी आलं की मी विहिरीचं निमित्त करून तिच्याकडे जायची, ती काही न विचारता माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. तिसऱ्या बाळंतपणात ती गेली. मागे गोदी आठ वर्षांची, नरू चार वर्षांचा, आणि बाब्या पाळण्यात.

तेराव्याची पानं उचलतात न उचलतात तोच माझे वडील आणि आतोबांचे पेणचे थोरले भाऊ ओटीवर बसून पोरांची वाटणी करू लागले. भांडी वाटावीत तशी. गोदी पेणला, नरू माझ्या वडिलांकडे, आणि बाब्याला जो नेईल तो नेईल, कारण तो जगेल अशी कोणाचीच खात्री नव्हती. आतोबा खांबाला टेकून सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "मुलं माझी आहेत, माझ्याजवळ राहतील. मी कुठे चाकरीवर जातो? घरी बसून लिहितो. मुलं सांभाळायला ह्याहून सोईचा धंदा कोणता?" अहाहा! ज्यानं आयुष्यात कधी मूल सांभाळलं नाही त्यालाच असं वाटू शकतं. माझ्या वडिलांनी मिशीतल्या मिशीत हसून वर्षाची मुदत दिली. वर्षभरात धंदा आणि पोरं दोन्ही जागच्या जागी राहिली तर ठीक, नाहीतर गाडी जुंपून येऊ आणि पोरं घेऊन जाऊ, असं ठरलं.

तिसरा मार्ग सगळ्यांना ठाऊक होता, आणि तो म्हणजे दुसरं लग्न. महिना उलटला नाही तोच स्थळं येऊ लागली. कोणी दहा वर्षांची, कोणी अकरा. एका गृहस्थानं तर मुलगी बरोबरच आणली होती आणि ती बिचारी ओटीवर झोपून गेली. आतोबा तिच्याकडे बघत म्हणाले, "ही माझ्या घरी आली तर हिची वेणी कोण घालणार? मीच ना?" गृहस्थ म्हणाले, "होईल हळूहळू मोठी." आतोबा म्हणाले, "मूल मोठं करायची मला हौस नाही असं नाही, पण तीन आहेत माझ्याकडे. चौथं घ्यायचं झालं तर रीतसर दत्तक घेईन, त्याला मुंडावळ्या कशाला बांधू?" हे वाक्य आळीभर झालं. पुरुष खो खो हसले. मी त्या दिवशी घरी येऊन कणीक मळता मळता रडले. चाळिशीच्या एका तरी पुरुषाला अकरा वर्षांची पोर ही पोर दिसली, एवढंच माझ्या मनात आलं होतं. आतोबांवर माझा जीव जडला तो त्या वाक्यावरून. मला त्यांचा राग आला तोही त्याच वाक्यावरून, पण ते पुढे.

त्यांचा धंदा पोथ्या लिहिण्याचा. मुंबईत तेव्हा शिळाछापाचे छापखाने होते. खळ लावलेल्या पिवळ्या कागदावर चिकट शाईनं मजकूर लिहायचा, तो कागद गुळगुळीत दगडावर दाबायचा, की अक्षरं दगडावर उतरत आणि मग पाहिजे तेवढ्या प्रती निघत. कागदांची पुरचुंडी आगगाडीनं यायची, लिहून झाली की आगगाडीनंच जायची. आतोबांचं अक्षर म्हणजे मोती, उगाच नाही म्हणत. पण त्या कागदाचं सोवळं विधवेच्या सोवळ्याहून कडक. तेलातुपाचं बोट नुसतं टेकलं तरी तो डाग दगड उचलतो, आणि मग तो एकेका प्रतीवर छापून निघतो. असा धंदा, आणि घरात तीन पोरं, त्यातलं एक रांगायच्या बेतात. आता बोला.

पहिले काही महिने आतोबांनी सगळं एकदम करून पाहिलं. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि हातानं लिहायचं. झोका द्यायचा तर सगळं अंग हलतं, हे त्यांच्या ध्यानात येईना. छापखान्याच्या मालकानं कळवलं, 'अक्षर सुबक आहे, पण ओळी डुलतात. ग्रंथ गंभीर आहे, तरी डुलू नये.' मग आतोबांनी दोरी अंगठ्याची काढून शेळीच्या शिंगाला बांधली. शेळी एक दिवस हलली, दुसऱ्या दिवशी पाळणा घेऊनच निघाली. बाब्याला शेळीचं दूध पाजायला धाकूबाई म्हणून एक कुळवाडीण यायची, तिनं शेळी आणि पाळणा दोन्ही अंगणात अडवले. म्हणाली, "बामना, पोराला शेलीच्या सवादीन केलंस तर पोर चरायला जाईल हां!" आतोबांनी गंभीरपणे मान डोलावली. बाकी त्यांना स्वतःवर हसता येत असे, आणि म्हणूनच त्यांच्यावर फार वेळ रागावता येत नसे.

पण पुढचं हसण्यावारी गेलं नाही. एका दुपारी आतोबा पाणी प्यायला उठले तेवढ्यात नरू तुपाची पोळी खात खोलीत शिरला, आणि बापाचं अक्षर किती छान म्हणून त्यानं पानावरून हात फिरवला. पिवळ्या कागदावर काहीच दिसलं नाही. पुरचुंडी मुंबईस गेली. छापून आलेल्या पोथीत हरिश्चंद्राची राणी मुलाला घेऊन काशीत उभी आहे त्याच पानावर एक इवलासा हात, पाचही बोटांचा, उमटलेला! मालकाचं जे पत्र आलं ते मी वाचलं नाही, पण आतोबांचा चेहरा वाचला. पुन्हा असं झालं तर काम बंद. गंमत म्हणजे कुठल्याशा हरदासानं तो हात राणीच्या मुलाचा, रोहिदासाचा आहे असं कीर्तनात सांगितलं, आणि हाताच्या प्रती हातोहात गेल्या. मग त्याच मालकाचं दुसरं पत्र, की पुढच्या पोथीतही एखादा हात आला तर हरकत नाही. आतोबा म्हणाले, "माझ्या घरात पोरं आगाऊ असतील, लेखक लबाड नाही." मान राहिला, पण भीती गेली नाही. एक लखोटा उलटा आला असता की माझ्या वडिलांची गाडी दाराशी उभी राहायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या भीतीतून ती कचेरी निघाली. आतोबांच्या मनानं घेतलं की घरी असणं हाच सगळ्या घोटाळ्याचा पाया आहे. माणूस घरी असला की पोरं त्याला बाप समजतात, आणि बापाला हाका मारणारच. तेव्हा घरी असायचंच नाही! म्हणून ती पगडी, तो निरोप, तो घराला वळसा. पगडी डोक्यावर आहे तोवर ते बाप नाहीत, कारकून आहेत. माजघरातून पडवीकडे जाणारं दार बंद, आणि दाराबाहेर चुन्याची रेघ. रेघेअलीकडे यायचं नाही, हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. अगदीच काही असलं तर रेघेवर उभं राहून तोंडी अर्ज करायचा, तोही 'रावसाहेब' म्हणून. नरूनं पहिल्याच दिवशी अर्ज केला, "रावसाहेब, मला शी आलीय." आतून उत्तर आलं, "संबंधित खात्याकडे जा." संबंधित खातं म्हणजे गोदी.

घाट चढायला आगगाडीला मागून इंजिन जोडत, त्याची शिट्टी आळीत ऐकू यायची. एका शिट्टीला कचेरी भरायची, एका शिट्टीला दुपारची सुटी, संध्याकाळच्या शिट्टीला दप्तर आवरून पगडी खुंटीला. प्रत्येक पोराची खुंटी वेगळी, वाटी वेगळी. बाब्याची दुपटी दोरीवर लहानमोठी लावून वाळत घातलेली, रांगेतून एक सरकलेलं दिसणार नाही. सकाळी कोणी भेटायला आलं की गोदी दारात येऊन सांगायची, "बाबा कचेरीत गेलेत." आलेला माणूस परसाच्या खिडकीतून बघायचा तर बाबा समोर लिहीत बसलेले. तो हाक मारायचा. आतोबा मान वर करत नसत. एकदा सर्दीनं बेजार झाले तर मागच्या दारी जाऊन, रजेचा शब्द टाकून, पगडी काढून परत आले आणि पांघरुणात शिरले. धाकूबाईनं एकदा विचारलं, "पगडी घातली म्हंजी तुमी ह्या पोरांचं बाप नाय, असा सरकारचा कायदा हाय का?" आतोबा म्हणाले, "सरकारचा नाही, माझा आहे." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बग गं, ह्यो सरकारपक्षी मोटा झाला."

आणि हसा हसा म्हणता ते जमलं की! पोथ्या वेळेवर जाऊ लागल्या, ओळी डुलायच्या थांबल्या. घरात गेलं तर चूल सारवलेली, पाणी भरलेलं, नरू पाढे म्हणतोय, बाब्या झोपलेला. आळीतले पुरुष बघायला येऊ लागले. आमचे हे घरी येऊन मला म्हणत, "बघ जरा. एकटा पुरुषमाणूस, पण घर कसं घड्याळासारखं चालतं. नाहीतर तुम्ही बायका!" बाईनं केलं की ते नुसतं घरकाम, पुरुषाच्या घरी झालं की त्याला बंदोबस्त म्हणायचं. मी काय बोलणार? मी बघत होते ना. पहाटे आतोबा भात-आमटी टाकत ते खरं. पण त्यानंतर त्या घरात जे जे हलायचं ते गोदीच्या हातानं. पाणी तिचं, दुपटी तिची, नरूचं नाक तिचं, बाब्याची रात्रही तिची. चुलीवरून पातेलं उतरवायला तिचा हात पुरत नसे, म्हणून ती पाटावर उभी राहायची. कारकुनाला शांतता हवी म्हणून ती घरात पाय न वाजवता चालायला शिकली होती. नऊ वर्षांची पोर बोलायची तेसुद्धा हळू, आजारी माणसाच्या घरात बोलतात तसं.

मी एकदा आतोबांना म्हटलंसुद्धा, "गोदीवर फार पडतं हो." ते संध्याकाळचे पगडी उतरवून प्रसन्न बसले होते. म्हणाले, "अगं, तिला हौस आहे. आईवर गेलीय. मला काही सांगावं लागत नाही तिला." आणि तेवढ्यात तिला जवळ घेऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला, इतक्या मायेनं, की माझं बोलणं तोंडातच राहिलं. हाच त्यांचा घोळ. लोकांची अकरा वर्षांची मुलगी त्यांना झोपाळू पोर दिसत होती, आणि स्वतःची नऊ वर्षांची त्यांना हौशी बाई दिसत होती. वाईट माणूस असता तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. चांगल्या माणसाच्या आंधळेपणाला काय करायचं?

वर्षाची मुदत संपत आली. माझ्या वडिलांचा निरोप आला, की आता काही म्हणणं नाही, पोरं राहू देत. आतोबांनी आळीत पेढे वाटले. आणि नेमक्या त्याच सुमारास ह्या बंदोबस्ताची कीर्ती खालापुरास जाऊन पोचली. तिथल्या खऱ्या कचेरीतले एक अव्वल कारकून, वय चाळीसच्या पुढे, बायको गेलेली, घरात चार मुलं. आमच्या ह्यांची आणि त्यांची ओळख. ह्यांनीच मध्ये पडून त्यांना आणलं, आणि येताना मला सांगितलं ते एवढंच, की चांगला माणूस आहे, पोरीचं कल्याण होईल. मी तेव्हा माहेरी दोन महिने राहून नुकतीच परतले होते. मला आतोबांच्या स्वयंपाकघरात पोहे भिजवायला बसवलं.

पाहुणे दुपारी आले, म्हणजे कचेरीच्या वेळात. आतोबा पगडीसकट ओटीवर आले, आणि आधी तर ते कौतुकानं फुललेच. खऱ्या कचेरीतला माणूस आपली कचेरी बघायला आला! त्याला ती चुन्याची रेघ दाखवली, खुंट्या दाखवल्या, शिट्ट्यांचा हिशेब समजावला. तो माणूस म्हणाला, "वा! आणि हे सगळं मुलगी सांभाळते?" आतोबा छाती काढून म्हणाले, "एकटी! माझ्या कामात कचेरी निघाल्यापासून एकदाही व्यत्यय नाही." मी दाराआडून ऐकत होते आणि माझ्या हातातले पोहे हातातच राहिले. ज्या शब्दांनी माल विकतात तेच ते शब्द, आणि विकणाऱ्याला ठाऊकच नाही की आपण दुकान मांडलंय. पाहुणे म्हणाले, "मग झालं तर. माझंही घर असंच उघडं पडलंय. अशीच तयार मुलगी हवी होती."

आतोबांचा चेहरा जरा गोंधळला. नाही म्हणावं असं त्यांच्या मनात होतं का, मला सांगता येणार नाही. आमचे हे लगेच पुढे सरसावून म्हणाले, "बघून तर घ्या मुलीला." गोदी आली. बाब्याला तिनं आत माझ्या मांडीवर दिलं होतं. पाहुण्यांनी विचारलं, "काय गं, चुलीवर भात आहे, आणि मूल रडायला लागलं, तर आधी काय करशील?" गोदी परीक्षा दिल्यासारखी चटकन म्हणाली, "आधी त्याच्या तोंडावर हात धरीन आणि पुढच्या अंगणात नेईन. म्हणजे कचेरीत आवाज जात नाही. भाताचं मग बघीन." पाहुणे मांडीवर थाप मारून हसले. "तयार आहे हो पोर! बघू, हात बघू तुझा." तिनं हात पुढे केला, पण मूठ मिटलेली. "उघड की." तिनं उघडली. उजव्या तळव्यावर भाजल्याचा वण, बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत, कातडं आकसलेलं, मधली दोन बोटं पुरती सरळ होत नव्हती.

"हे काय?" पाहुण्यांनी विचारलं. गोदी म्हणाली, "आधणाचं पातेलं कललं. पण बरं झालंय आता. भांडी घासता येतात." मालात खोट निघाली असं वाटून बिचारी भराभर सांगत सुटली. आतोबा म्हणाले, "केव्हा? मला नाही सांगितलंस?" गोदी त्यांच्या पगडीकडे बघत म्हणाली, "बाबा कचेरीत होते."

बापासमोर उभी राहून ती बापाला सांगत होती, की बाबा कचेरीत होते. आणि मग आणखी म्हणाली, "मी रेघेपर्यंत आले होते. पण रावसाहेब म्हणायला गेले आणि रडूच यायला लागलं, म्हणून परत गेले. संध्याकाळी शिट्टी झाली तोवर थांबलं होतं दुखायचं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती हो. असती तर बरं झालं असतं.

आतोबांनी पगडी काढली. पाहुण्यांसमोर बोडक्या डोक्यानं बसणं म्हणजे घरात सुतक असल्यासारखं. आमचे हे "अहो, अहो" करायला लागले. आतोबांनी ती पगडी खाली ठेवली ती उपडी, आणि म्हणाले, "गोदे, कचेरी सुटली. इकडे ये, दाखव हात." तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला, मोत्यासारखं अक्षर काढणाऱ्या हातांत, आणि पाहुण्यांकडे न बघता बोलले, "माझ्याकडे लग्नाची मुलगी नाही. एक कारभारीण होती, तिला मी आत्ता कामावरून काढली. तुम्हाला कारभारीण हवी असेल तर मुशाहिरा देऊन ठेवा, मुंडावळ्या बांधून नका नेऊ." पाहुणे तडकून उठले. म्हणाले, "घरात येऊन असा अपमान!" आतोबा म्हणाले, "अपमान खरा आहे, पण तुमचा नाही. तुम्ही बसा, पोहे खाऊन जा." कोण बसतंय! दमणी जुंपून गेले, आणि आमच्या ह्यांनी पुढे महिनाभर माझ्याशी अबोला धरला, जसं काही मीच त्या पोरीचा हात भाजून ठेवला होता.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे कोणाला वाटायला नको की सगळं गोड झालं. आतोबांनी चुन्याची रेघ पुसली, दार उघडं ठेवलं, धाकूबाईला दिवसभरासाठी ठेवली, आणि आपण पोरांच्या गराड्यात बसून लिहू लागले. व्हायचं तेच झालं. ओळी पुन्हा डुलल्या, पुरचुंड्या मागे पडल्या, छापखान्यानं मोठे ग्रंथ दुसऱ्याला दिले आणि आतोबांना व्रतांच्या बारक्या पोथ्या आल्या. घरात आमटी पातळ झाली. पोरं मात्र कोणी नेली नाहीत. माझ्या वडिलांची गाडी एकदा आली, ती आतोबांनी दारातूनच परत लावली. गोदीचं लग्न काही टळलं नाही. आमच्यात ते टळतच नाही. दोन वर्षांनी पेणच्या एका शिकत्या मुलाला दिली. बिजवर तेवढा टळला. हातावरचा वण लपवू नकोस, असं आतोबांनी तिला बोहल्यावर चढताना बजावलं होतं. तो हात पुढे आयुष्यभर थोडा मिटलेलाच राहिला. आतोबांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, आणि आळीतले म्हातारे अजून त्यांची कचेरी सांगून हसतात.

मला आठवतो तो पाहुणे गेल्यावरचा वेळ. दमणीची घुंगरं वळणावर ऐकू येईनाशी झाली, आणि आतोबा गोदीला म्हणाले, "जा, खेळायला जा." तिला कळेना. म्हणाली, "बाब्याला घेऊन जाऊ की झोपवून जाऊ?" ते म्हणाले, "मी घेतो त्याला. तू जा." ती दारापर्यंत गेली, थांबली, आत येऊन पाण्याचा हंडा झाकला, पुन्हा गेली. समोर वडाखाली आळीतल्या पोरींची भातुकली चालली होती. मी खिडकीतून बघत होते. तिथे गेली, आणि एका पोरीनं तिला पानांचा भात वाढला तर हिनं आधी त्यांच्या चिमुकल्या चुलीतली राख काढली, सगळी बोळकी मातीनं घासली, धुतली, उपडी मांडली. पोरी तोंडाकडे बघत राहिल्या. मग ही पदर खोचावा तसं परकराचं टोक खोचून घरी परत आली आणि आतोबांसमोर उभी राहिली. म्हणाली, "खेळून आले बाबा. आता काय करू?"

आतोबांच्या एका मांडीवर बाब्या होता. त्यांनी तिला ओढून दुसऱ्या मांडीवर बसवलं. ती बसली खरी, पण आपला भार त्यांच्यावर पडू नये अशी, पायाची बोटं जमिनीला टेकवून, अंग चोरून. भिजवलेले पोहे तसेच होते. मी ते फोडणीला टाकले, पानं घेतली, नरूला हाक मारली. परत येऊन बघते तर तिची बोटं जमिनीवरून सुटली होती, आणि तोंड उघडं टाकून ती बापाच्या छातीवर झोपून गेली होती. आतोबांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, की तिला उठवू नकोस.